जुन्या आट्यांची विलायती सायकल : कप शोधावा, घडवून घ्यावा की फ्रेमला नवे आटे पाडावेत?

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात आजोबांच्या काळातील विलायती सायकल अजूनही एखाद्या पडवीत उभी असलेली सापडते आणि ती पुन्हा रस्त्यावर आणावी असे वाटणाऱ्यांना सुरुवातीला कामही सोपे जाते. २८ × १½ इंची टायर, बेअरिंगचे छर्रे, मडगार्ड, ब्रेकच्या सळ्या आणि क्रँक ॲक्सलवर घट्ट धरणाऱ्या कॉटर पिना हा सगळा माल आपल्याकडच्या उभ्या, काळ्या सायकलींसाठी लुधियानाहून अजून येतो, त्यामुळे त्याची चिंता करण्याचे कारण नाही. काम अडते ते आट्यांपाशी. क्रँकचा, म्हणजे पॅडलच्या दांड्यांचा, ॲक्सल ज्या नळीत फिरतो तिचे कप, म्हणजे बी.बी. (बॉटम ब्रॅकेट) कप, आणि हँडलखालच्या वाट्यांचा वरचा नट हे दोन भाग दुकानातून आणले तरी बसत नाहीत, आणि नेमक्या याच टप्प्यावर घाईने घेतलेला निर्णय सायकल कायमची बिघडवतो.

याचे कारण नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्यात आहे. जवळजवळ सर्व सुटे भाग स्वतःच तयार करणाऱ्या या कारखान्याने बी.बी.साठी १ ३/८ इंच व्यास आणि दर इंचाला २६ आटे हे आपले स्वतंत्र माप अनेक दशके चालू ठेवले. पुढे सर्वमान्य झालेले इंग्लिश माप मात्र १.३७ इंच व्यासाचे आणि दर इंचाला २४ आट्यांचे आहे. व्यासातील फरक नजरेला कळत नाही, ३४.९ मिलिमीटर आणि ३४.८ मिलिमीटर इतकाच तो आहे. आट्यांमधील अंतर मात्र एकीकडे ०.९८ मिलिमीटर आणि दुसरीकडे १.०६ मिलिमीटर असते, त्यामुळे चोवीसचा कप सव्वीसच्या नळीत एकदोन फेरे सरळ जातो आणि मग अडकतो. अशा वेळी मोठा पाना लावून जोर केला, तर कप बसल्यासारखा वाटतो, पण नळीतील आटे मेलेले असतात. हँडलच्या बाबतीतही हेच घडते : पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची हँडलकडे जाणारी दांडी दोन्हीकडे एक इंचाचीच असते, पण आटे रॅलेचे २६ आणि इतरांचे २४.

फ्रेमवरच्या बिल्ल्यावर विसंबून माप ठरवू नये. बी.एस.ए.च्या सायकली १९५७ साली रॅलेकडे गेल्या आणि १९६० च्या विलीनीकरणात हर्क्युलिस आणि फिलिप्स ही नावेही त्याच छत्राखाली आली, म्हणून नंतरच्या फिलिप्सवर रॅलेचे आटे असू शकतात. उलट याच नावांच्या सायकली मद्रासजवळ अंबत्तूरलाही तयार होत होत्या आणि असनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता, म्हणजे सायकल कुठे झाली हे बिल्ल्यावरील नावावरून कळत नाही. पट्टीने आटे मोजण्यातही धोका आहे, कारण अर्ध्या इंचात बारा आणि तेरा इतकाच फरक पडतो आणि गंजलेल्या कपावर तो सहज निसटतो. लेथवर काम करणाऱ्या टर्नरकडे आटे मोजण्याचे जे पिच गेज असते त्याचे २४ आणि २६ क्रमांकाचे पाते लावून पाहिले की शंका उरत नाही. कप काढताना हेही लक्षात ठेवावे की उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात; तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला तरच सुटतो.

पर्यायांची तुलना करण्यापूर्वी खराब नेमके काय झाले आहे ते पाहावे, कारण बहुतेक वेळा आट्यांचा प्रश्न उद्भवतच नाही. बी.बी.मध्ये आधी झिजतात ते छर्रे आणि ॲक्सल, आणि या दोहोंचा नळीच्या आट्यांशी काहीही संबंध नाही. जुने कप आतून गुळगुळीत असतील, तर ते ठेवून पाव इंची नवे छर्रे आणि लांबीने जुळणारा ॲक्सल घातला की काम संपते. हँडलच्या वाट्यांपैकी ठोकून बसवलेल्या दोन्ही वाट्या आणि चिमट्यावरचा खालचा कोन यांना आटे नसतातच. आटे फक्त वरच्या कोनाला आणि तो जागेवर आवळून धरणाऱ्या चेकनटला असतात. चाकांच्या ॲक्सलचे आटे गेले असतील, तर ॲक्सल, कोन आणि नट असा सबंध जोड बदलावा. तिथे जुन्याशी आटे जुळवण्याची गरज पडत नाही, चिमट्याच्या खाचेत ॲक्सल बसला आणि कोन हबमधील छर्र्यांवर नीट टेकला म्हणजे पुरे.

कपच खड्डे पडून निकामी झाले असतील, तर पहिला पर्याय जुना अस्सल माल शोधण्याचा. बेळगावच्या बाजारातील जुनी सायकल दुकाने, कोल्हापूर आणि हुबळीचे भंगार बाजार, गावागावांतील मोडीत निघालेल्या सायकली ही शोधाची ठिकाणे आहेत. यात फ्रेमला हात लागत नाही, पोलाद मूळ दर्जाचे मिळते आणि खर्चही बहुधा सर्वांत कमी येतो. मात्र वेळ किती लागेल हे सांगता येत नाही आणि भंगारातला कपही आपल्या कपाइतकाच झिजलेला असू शकतो. आतली वाट नखाने चाचपावी. नख अडकले तर कप सोडून द्यावा. इंग्लंडहून मागवणेही शक्य आहे, पण लहानशा कपावर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढले की हा मार्ग महाग पडतो.

दुसरा पर्याय लेथवर नवा कप करून घेण्याचा, आणि आपल्या भागासाठी मला तो सर्वांत योग्य वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ज्या शहरात सायकलचे दुकान काढले, त्या बेळगावात आज उद्यमबागपासून मच्छेपर्यंत फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. एवढे कुशल हात इतक्या जवळ असताना परदेशी कपाची वाट पाहत बसावे, हे मला पटत नाही. इंची लीड स्क्रूच्या, म्हणजे आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा स्क्रू इंची मापाचा असलेल्या, जुन्या लेथवर दर इंचाला २६ आटे पाडणे अवघड नाही, फक्त त्यासाठी गिअर बदलावे लागतात आणि अनुभवी टर्नरच हे काम मनावर घेतो. खरी मेख आटे पाडण्यात नाही, कडकपणात आहे. साध्या मऊ पोलादाचा कप दिसायला सुबक होतो, पण छर्रे त्यात थोड्याच दिवसांत खड्डे पाडतात. म्हणून केस हार्डनिंगला, म्हणजे फक्त वरचा थर कडक करण्याला, योग्य असे पोलाद घ्यावे, कप घडल्यावर छर्र्यांची वाट कडक करून घ्यावी आणि पॉलिशही करून घ्यावे. खर्च भंगारातील कपापेक्षा पुष्कळ अधिक येतो, पण कामाचा दिवस ठरतो आणि फ्रेम जशीच्या तशी राहते.

फ्रेमच्या नळीतच चोवीसचा टॅप मारावा, म्हणजे आतून नवे आटे पाडावेत, असा सल्ला तिसरा पर्याय म्हणून हमखास मिळतो. काम झटपट होते आणि कप बाजारात मिळतात, म्हणून तो आकर्षक वाटतो. पण व्यास जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे नवे आटे जुन्या आट्यांवरच पडतात आणि दोन्ही मिळून अर्धवट धरणारे, कमजोर आटे उरतात. हलक्या वापराच्या सायकलला ते चालतीलही. दुधाचे कॅन किंवा पोती वाहणाऱ्या सायकलला मी ते सुचवणार नाही. नळीचे आटे आधीच मेलेले असतील, तर इटालियन मापाचे आटे पाडणे अधिक शहाणपणाचे आहे. त्याचा व्यास ३६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक मिलिमीटरने मोठा असल्याने कापलेल्या जागी ताजे, पूर्ण आटे मिळतात. मात्र त्यात दोन्ही बाजूंना सरळ आटे असल्यामुळे उजवा कप चालवताना सैल होण्याची प्रवृत्ती असते, तो फार घट्ट बसवावा लागतो, आणि असे कप आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाहीत.

आट्यांशिवाय नळीत आतून आवळून बसणारे बंद कार्ट्रिज, म्हणजे ॲक्सल आणि बेअरिंग एकत्र असलेला जोड, हा चौथा मार्ग आहे. ते मेलेल्या आट्यांवरही बसते, परंतु सामान्यतः ६८ मिलिमीटर रुंदीच्या नळीसाठी केलेले असते आणि रॅलेची नळी ७१ किंवा ७६ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे कडा घासाव्या लागतात. शिवाय कॉटर पिनचे क्रँक जातात आणि त्यांच्यासोबत बगळ्यांची नक्षी असलेले रॅलेचे चेनव्हीलही जाते. ज्याला सायकल केवळ चालवायची आहे त्याने हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. जुनी ओळख जपायची असेल त्याला तो पटणार नाही.

चिमट्याच्या दांडीवर मात्र सव्वीसच्या जागी चोवीसची, बाहेरून आटे पाडणारी, डाय फिरवू देऊ नये. दांडीचा बाहेरचा व्यास २५.४ आणि आतला २२.२ मिलिमीटर, म्हणजे भिंत अवघी १.६ मिलिमीटरची; त्यात जुने आटे आधीच कापलेले असतात, आणि हँडलचा सगळा ताण त्याच भागावर येतो. तिथे दांडी तुटली तर सायकलस्वार तोंडावर आपटतो. वरचा कोन आणि चेकनट मिळत नसेल, तर लेथवर करून घ्यावा, किंवा दांडीची लांबी आणि चाकाचे माप जुळवून वाट्यांसह संपूर्ण चिमटाच बदलावा आणि जुना चिमटा कागदात गुंडाळून ठेवावा.

टर्नरकडे जाताना केवळ आकडे सांगू नयेत. झिजलेला का होईना, जुना कप आणि शक्य असल्यास फ्रेमही न्यावी, म्हणजे कप नळीत फिरवून पाहता येतो. डाव्या आणि उजव्या कपांवर आट्यांची दिशा खडूने लिहावी, कारण दोन्ही कप सरळ आट्यांचे झाले तर सगळी मेहनत वाया जाते. कप कडक करण्यापूर्वीच बसवून पाहावा, कारण त्यानंतर आटे दुरुस्त करता येत नाहीत. या कामाचा बराचसा खर्च गिअर लावण्यात आणि पहिला कप जुळवण्यात जातो, म्हणून एकाच वेळी दोन जोड करून घ्यावेत.