नेपाळ, श्रीलंका की व्हिएतनाम? बेळगावकडून पहिल्यांदा परदेशी निघताना

गेल्या महिन्यात निपाणीच्या आतेबहिणीचा फोन आला. "दादा, आईला एकदा परदेश दाखवायचा ठरलाय. दुबई नको म्हणतेय ती. नेपाळ, लंका की व्हिएतनाम, एवढं सांग की."

मी उलट दोनच प्रश्न विचारले. पोरांना सुट्टी कधी? आणि आत्याचे गुडघे कसे आहेत? ती हसली, पण मी चेष्टा करत नव्हतो. या तिन्ही देशांत मी जाऊन आलोय, आणि त्यातल्या दोन वेळा चुकीच्या महिन्यात गेलोय. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी सुट्टीचं बघा

आपल्या भागातली ही अडचण पुण्या-मुंबईच्या टूरवाल्यांच्या लक्षातच येत नाही. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीला. उन्हाळ्याची आपली सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि मेअखेर संपते, तेव्हा कोल्हापूरच्या भावाची पोरं अजून दोनेक आठवडे मोकळी असतात. म्हणजे 'दिवाळी स्पेशल' टूर आपल्या कामाची नाही. आपल्या हातात दसऱ्याचे दिवस आणि एप्रिल-मे, एवढंच.

दसऱ्याला जायचं असेल तर नेपाळच्या तोडीला दुसरं काही नाही. पाऊस संपलेला, हवा धुतलेली, पोखऱ्यात पहाटे सारंगकोटला उभं राहिलं की माशाच्या शेपटीवरून नाव पडलेलं माछापुच्छ्रेचं शिखर समोर. फक्त एक ध्यानात ठेवा. आपला दसरा तोच त्यांचा दसैं, नेपाळचा सगळ्यात मोठा सण. अष्टमी ते दशमी काठमांडूतली बरीच दुकानं बंद, शहरातली माणसं गावाकडं, बसगाड्या खच्चून भरलेल्या. हॉटेल आणि आतला प्रवास दोन महिने आधी ठरवून ठेवला तर हीच गोष्ट फायद्याची. घरोघरी थोरांच्या हातून कपाळाला दही-तांदळाचा लाल टिळा आणि कानामागं जवाचे कोंब. आपल्याकडं घटात धान्य उगवतं, तसंच ते. आत्याला हे जास्त आवडेल, डोंगरापेक्षाही.

दसऱ्याच्याच सुट्टीत व्हिएतनामचं पॅकेज स्वस्त दिसेल, आणि ते स्वस्त का आहे हेही बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथल्या मधल्या पट्टीतला, म्हणजे होई आन आणि ह्युए भागातला, पावसाचा आणि पुराचा काळ. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत पाणी शिरणं तिथल्या लोकांना नवीन नाही. हनोईला मात्र तेव्हा हवा छान असते, त्यामुळं जायचंच तर फक्त उत्तरेत जा. श्रीलंकेतही ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर गडगडाट करून पाऊस येतो.

एप्रिल-मेमध्ये चित्र उलटं. मी नेपाळला मेमध्ये गेलो होतो. पोखऱ्यात तीन पहाटा साडेचारला उठून गच्चीवर गेलो, आणि तिन्ही वेळा समोर भुरकट पडदा. त्या दिवसांत जंगलातल्या वणव्यांचा धूर आणि धूळ हवेत साचलेली असते. चौथ्या दिवशी हॉटेलवाल्यानं भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवून "हे बघा, असं दिसतं" म्हणून समजूत घातली. एप्रिलात व्हिएतनामचा उत्तर आणि मधला भाग उत्तम. श्रीलंकाही चालते, पण १३-१४ एप्रिलला त्यांचं सिंहली-तमिळ नववर्ष असतं, दुकानं बंद आणि नुवारा एलियाला तोबा गर्दी. मेच्या शेवटी नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो-गालची बाजू पकडतो. मग पूर्वेचा किनारा, त्रिंकोमालीकडचा, कोरडा असतो. श्रीलंकेचा खरा हंगाम डिसेंबर ते मार्च, आणि तो नेमका आपल्या ऊसतोडीचा. टोळी फडात आली की घरचा कर्ता माणूस हलत नाही. ज्यांना ऊसही नाही आणि शाळेची पोरंही नाहीत, त्यांनी फेब्रुवारीत लंका गाठावी.

मग गुडघे

काठमांडू साधारण १,४०० मीटरवर आणि पोखरा ८०० च्या आसपास, त्यामुळं या दोन ठिकाणी श्वासाचा त्रास सहसा होत नाही. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. पॅकेजमध्ये 'मुक्तिनाथ दर्शन' सहज घुसवलेलं असतं. रक्तदाब किंवा दम्याचं माणूस सोबत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका. काठमांडू-पोखरा रस्ता २०० किलोमीटरचा, पण सात-आठ तास धरा. विमानानं अर्धा तास लागतो. वयस्कांसाठी तिथं पैसे वाचवू नका.

श्रीलंकेत सिगिरियाला १,२०० च्या आसपास पायऱ्या आहेत, त्यातल्या शेवटच्या सिंहाच्या दगडी पंजांमधून लोखंडी जिन्यानं वर जातात. पाचव्या शतकात कश्यप राजानं त्या खडकावर राजवाडा बांधला. वर जमणार नसेल तरी खालच्या बागा आणि पाण्याचे हौद बघून माणूस समाधानानं परततो. बाकी लंकेइतकं सोयीचं काही नाही. देश कर्नाटकाच्या एक तृतीयांशएवढा, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, घड्याळही आपलंच. ड्रायव्हरसकट गाडी ठरवायची आणि दारातून दारात जायचं. कँडीला बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर, खाली गालचा किल्ला. बेळगावच्या किल्ल्यात वस्ती आहे, आश्रम, मशीद, कमल बसदी सगळं आत, त्यामुळं किल्ल्यात माणसं राहतात याचं आपल्याला नवल नाही. पण गालच्या तटावर संध्याकाळी पोरं पतंग उडवतात आणि खाली समुद्र आपटतो, ते बघत मी दोन तास बसलो.

आणि ती प्रसिद्ध कँडी-एला रेल्वे. खरं सांगू? लोंढ्याहून कॅसलरॉक-दूधसागरचा घाट रेल्वेनं उतरलेल्या माणसाला नुसत्या दरीचं कौतुक नाही. चहाचे मळे मात्र वेगळे, आणि एलाजवळचा नऊ कमानींचा पूल सुंदर. नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळानं डोंगराळ भागातल्या रेल्वेमार्गाचं मोठं नुकसान केलं, तेव्हा गाडी कुठून कुठपर्यंत धावते ते बघूनच हॉटेल बुक करा.

व्हिएतनाम लांबलचक देश, उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत दीड हजार किलोमीटरहून जास्त. सात दिवसांत हनोई, हालाँग बे, होई आन आणि हो चि मिन्ह सिटी असं सगळं कोंबलेलं पॅकेज म्हणजे रोज बॅग भरायची आणि विमानतळावर बसायचं. एक टोक धरा, फार तर मधला भाग जोडा. हनोईत रस्ता ओलांडणं हीही एक परीक्षा. गाड्या उजवीकडून, आणि स्कूटरचा लोंढा थांबतच नाही. आपणही थांबायचं नाही. एका संथ चालीनं सरळ चालत राहायचं, स्कूटरवालेच बाजूनं वळून जातात. दचकून मागं पाय घेतला की घोटाळा. बेळगावच्या गर्दीच्या गणपत गल्लीत वाढलेल्या माणसाला हे जमतं, पण आत्याला हात धरून न्यावं लागेल.

माझ्या मनात घर केलं ते होई आनजवळच्या 'मी सन' या ठिकाणानं. तिथल्या जुन्या हिंदू चाम राजांनी बांधलेली शिवाची विटांची देवळं, चौथ्या शतकापासून पुढं जवळजवळ हजार वर्षांच्या काळातली. अमेरिकी बॉम्बचे खड्डे अजून दिसतात. आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथं डागडुजीचं काम केलं, आणि २०२० मध्ये त्याच कामात वालुकाश्माचं एकसंध शिवलिंग सापडलं. खानापूर तालुक्यात हलशीची कदंबांची देवळं बघत वाढलेल्या माणसाला इतक्या दूर भाताच्या देशात ती शाळुंका ओळखू येते, तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही.

कागदपत्रं: इथंच आपली गाडी अडते

नेपाळला भारतीयांना व्हिसा नाही, पासपोर्टही सक्तीचा नाही. निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. पण आधार कार्डाच्या भरवशावर विमानतळावर जाऊ नका.

आता आपल्याकडची गोम. आपली नावं मराठीत सांगितली जातात, कन्नडमध्ये लिहिली जातात आणि इंग्रजीत छापली जातात. तीन भाषांच्या प्रवासात नाव बदलतं. आईच्या मतदार कार्डावर लक्ष्मीमधला 'क्ष' 'के-एस-एच'नं, आधारवर 'एक्स'नं, आणि मी तिकीट काढलं आधार समोर ठेवून. शिवाय एकीकडं आडनाव आधी, दुसरीकडं शेवटी. मुंबईला काउंटरवर आम्हाला चाळीस मिनिटं बाजूला उभं केलं. आई तेवढ्या वेळात तीनदा म्हणाली, "मी घरी जाते, तू जाऊन ये." शेवटी सोडलं, पण तेव्हापासून माझा नियम असा की जे कार्ड दाखवणार त्याच्यावरूनच तिकिटावर नाव टाकायचं, अक्षर न् अक्षर.

बाकी दोन देशांना पासपोर्ट लागतोच, आणि परतीनंतरही त्याची सहा महिने मुदत शिल्लक असावी. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, मुदत दहा वर्षं. बेळगावात टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यासाठी हुबळी गाठावी लागत नाही. जन्मगाव एका कागदावर 'बेलगाम' आणि दुसऱ्यावर 'बेळगावी' असेल तर घाबरू नका. नाव २०१४ मध्ये बदललं हे सगळ्यांना माहीत आहे. पण जन्मतारखेतला फरक मात्र अर्ज करण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावर एकवेळच्या प्रवेशासाठी २५ डॉलरला मिळतो, मुदत ९० दिवसांपर्यंत. नावात एक अक्षर चुकलं तरी नवा अर्ज आणि नवे पैसे. सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट घेतात, त्यांच्यापासून जपा. श्रीलंकेची प्रवेश-परवानगीही ऑनलाइन, पण भारतीयांच्या फीबद्दलचे नियम तिथं अधूनमधून बदलतात. तिकीट काढायच्या दिवशी सरकारी साइटच उघडून बघा, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज नको.

निघायचं कुठून

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, परदेशी विमान नाही. गोव्याचं मोपा विमानतळ चोर्ल्यातून जवळ, पण तिथून परदेशी विमानं मोजकी, आणि पावसाळ्यात चोर्ला घाटात रात्री अडकण्याची हौस असेल तरच. श्रीलंका आणि व्हिएतनामसाठी बंगळूर धरा. दोन्हीकडं थेट विमानं आहेत आणि कोलंबो तर दीड तासावर. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारत सुरू झाली, पहाटे निघून दुपारी पोचते. रात्रीच्या विमानाला ती बरोबर जुळते. फक्त स्टेशनपासून विमानतळ पस्तीसेक किलोमीटर आहे आणि बंगळूरच्या ट्रॅफिकवर कुणाची सत्ता नाही. निपाणी-चिकोडीकडच्यांना मुंबई सोयीची पडते. नेपाळसाठीही मुंबई किंवा दिल्ली. वेळ असेल तर गोवा एक्स्प्रेस बेळगावातूनच दिल्लीच्या निजामुद्दीनला जाते.

सांबऱ्याचं विमान आणि पुढचं परदेशी विमान वेगवेगळ्या तिकिटांवर काढणार असाल तर मध्ये एक रात्र ठेवा. पहिलं रद्द झालं तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही, आणि पैसेही मिळत नाहीत. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय.

पोटाचं आणि पैशाचं

नेपाळात काळजी नाही, दाल-भात-तरकारी दोन वेळा, मागाल तितकं वाढतात. लंकेत नारळ, भात, आप्पे-डोशाच्या नात्यातले 'हॉपर', कोकणी जिभेला घरचंच. पण शाकाहाऱ्यांनी खोबऱ्याच्या चटणीतही विचारून घ्यावं, तिच्यात वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. व्हिएतनाममध्ये जवळजवळ सगळ्यात फिश सॉस. तिथं 'चाय' हा शब्द पाठ करा. चहा नव्हे, त्यांच्या भाषेत तो शाकाहारी. 'चाय' पाटीची खानावळ दिसली की निर्धास्त आत शिरा. अमावस्या-पौर्णिमेला तिथले बरेच लोक स्वतःच शाकाहार पाळतात, त्या दिवशी पर्याय वाढतात. तरी धपाटे आणि शेंगाचटणी बॅगेत असू द्या.

नेपाळचा रुपया आपल्याशी बांधलेला आहे, आपला एक म्हणजे त्यांचे १.६०. शंभरच्या आणि त्याखालच्या नोटा जास्त ठेवा. व्हिएतनामी नोटांवरची शून्यं मोजताना पहिले दोन दिवस डोकं फिरतं, वीस हजार आणि पाच लाखांच्या नोटांचे रंगही सारखे निळसर. त्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. खर्चाचं म्हणाल तर व्हिएतनामला विमानाचं तिकीट जड पण तिथं राहणं-खाणं स्वस्त, आणि लंकेत स्मारकांची तिकिटं महाग वाटतात, आपल्यासारख्या सार्क (दक्षिण आशियाई) देशांच्या पासपोर्टला सवलत विचारून घ्या. टूरकंपनीनं टीसीएस (परदेशी टूरवर आधीच घेतला जाणारा कर) कापला तर पावती जपा, रिटर्न भरताना तो वळता होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आई-वडील सोबत आणि दसऱ्याची सुट्टी, तर नेपाळ. दोघंच, लहान पोर कडेवर आणि पाच-सहा दिवस, तर लंका. पाय धड, एप्रिल मोकळा, जरा वेगळ्या चवीची भीती नाही, तर व्हिएतनाम, आणि मग 'मी सन' चुकवू नका.

आतेबहिणीचं नेपाळ ठरलं. दसऱ्याच्या चार दिवस आधी निघतायत. पशुपतिनाथाची पूजा करणारे मुख्य भट्ट परंपरेनं कर्नाटकातून जातात, एवढं मी बोलून गेलो, आणि कातड्याचा पट्टा-पाकीट आत नेऊ देत नाहीत, हेही. आत्यानं दुसरं ऐकलंच नाही. आता ती रोज शेजारच्या काकूंशी कन्नड बोलायचा सराव करतेय, भटजींशी बोलायला.