हीट पंप ड्रायर: एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा वापरून झाल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. मुंबईत राहता, घरात तान्हं बाळ आहे किंवा अंथरुणावरचं माणूस आहे, आणि मशीन ठेवायला जागा आहे, तर कपडे सुकवायचा ड्रायर घ्या, पैसे वाया जात नाहीत. पण कुठल्या प्रकारचा हवा ते घरी बसून ठरवा, दुकानात जाऊन नाही. आणि प्रत्येक लोडनंतर जाळी साफ करायचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी खरंच घेऊ नका.

आम्ही मुलुंडला राहतो, टू बीएचके, छोटी ड्राय बाल्कनी, तिथेच वॉशिंग मशीन. मेमध्ये ड्रायर घेतला कारण जूनमध्ये बाळाचे लंगोट, दुपटी, झबली, टोपडी, वर मोठ्या मुलीचा युनिफॉर्म आणि सासूबाईंची सुती लुगडी हे सगळं हॉलमध्ये पंख्याखाली वाळत घालायचं म्हणजे काय होतं ते आधीच्या पावसाळ्यांत बघितलं होतं. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवेतच एवढा ओलावा की कपड्यातलं पाणी जाणार कुठे? बरं, ते पाणी थोडंथोडकं नसतं. 1000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 1000 फेऱ्यांवर, पिळून निघालेल्या पाच किलो सुती कपड्यांत साधारण तीन लिटर पाणी उरलेलं असतं. ते तुमच्या खोलीत उडतं आणि भिंतीवर, कपाटामागे, गादीखाली जाऊन बसतं. कुबट वास कपड्यांना नंतर येतो, घराला आधी येतो.

म्हणून पहिला प्रश्न हा की हे पाणी बाहेर कसं जाणार. व्हेंटेड ड्रायर स्वस्त असतो, आत हीटर, गरम दमट हवा जाड पाइपमधून बाहेर. पाइप खिडकीबाहेर काढता येत असेल तर चांगलाच आहे, पटकन सुकवतो. पण आमच्या बिल्डिंगमध्ये एकांनी पाइप बाल्कनीतच सोडून दिला, स्लाइडिंग बंद, आणि गणपतीपर्यंत वरच्या कोपऱ्यातला रंग फुगून पोपडे सुटले. मग ड्रायर घेऊन मिळवलं काय? वॉशर-ड्रायर एकत्र मिळतो तोही बघितला, पण त्यात धुवायची क्षमता मोठी आणि सुकवायची त्याहून कमी, म्हणजे दरवेळी अर्धे कपडे बाहेर काढा, शिवाय एक सुकत असताना दुसरा लोड धुता येत नाही. बाळाच्या घरात हे चालत नाही.

आम्ही हीट पंपवाला घेतला. यात एसीसारखाच कंप्रेसर आणि गॅस असतो. दमट हवा थंड कॉइलवरून जाते, पाणी गळून टाकीत पडतं, तीच हवा गरम कॉइलवरून परत ड्रममध्ये. बाहेर पाइप काढायला लागत नाही. उष्णता कमी असल्यामुळे कपडे आटायचं प्रमाण कमी, इलास्टिक टिकतं, पण वेळ लागतो, पूर्ण सुती लोडला अडीच तास धरून चाला, जास्त ओलं असेल तर तीन. किंमत व्हेंटेडपेक्षा बरीच जास्त, जवळपास दुप्पट पडली आम्हाला.

लाइट बिलाचं सगळे विचारतात. हीटरवाला साधारण 2000 वॉटच्या आसपास खेचतो, आमचा एका लोडला दीड ते दोन युनिट खातो, प्लगला मीटर लावून बघितलंय. मुंबईत 100, 300, 500 युनिटला दर बदलतो, त्यामुळे तुमचं घर कुठल्या स्लॅबच्या काठावर आहे ते आधी जुन्या बिलांवर बघा. आमच्याकडे पावसाळ्यात एसी जवळजवळ बंद असतो म्हणून ते भरून निघालं, मेमध्ये रोज चालवला असता तर नसतं निघालं. आणि खरी बचत वॉशिंग मशीनमध्ये आहे. स्पिन 1400 वर टाका, पाणी आधीच कमी होतं, ड्रायरचा अर्धा पाऊण तास वाचतो. पिळून काढणं हे कपडे तापवून सुकवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. जाड पिनचा 16 अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग, एक्स्टेंशन बोर्ड नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता सांभाळणं, कारण चांगली मशीन इथेच बिघडते. दारातल्या जाळीत प्रत्येक लोडनंतर तूस, म्हणजे कपड्यांचे सुटलेले बारीक धागे, जमतं, टॉवेल असतील तर अक्षरशः हातभर पट्टी निघते, नव्या टॉवेलांचं तर विचारूच नका. ते हाताने काढायचंच. शिवाय महिन्यातून एकदा जाळी साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवायची, कारण कम्फर्टसारखं सॉफ्टनर वापरत असाल तर त्याचा न दिसणारा थर बसतो, जाळी स्वच्छ दिसते पण पाणी टाकलं तर त्यावर थांबतं. थांबलं म्हणजे हवाही अडतेय. धुतल्यावर पूर्ण वाळवूनच परत लावा. खाली झाकणामागे कॉइलच्या पातळ पत्र्या असतात, त्यांच्यावर पण बारीक तूस बसतं, ते व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने वरून खाली, जोर न लावता, पत्र्या वाकतात आणि बोट कापतं. काही मॉडेलमध्ये हे आपोआप धुतलं जातं, आमच्यात नाही, आणि मला तेच बरं वाटतं कारण डोळ्यांनी दिसतं. ड्रममध्ये दाराजवळ दोन धातूच्या पट्ट्या असतात, त्या ओलावा ओळखतात, पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर त्यांच्यावर पांढरट थर येतो आणि मशीन कपडे ओले असतानाच थांबते, व्हिनेगरच्या फडक्याने पुसा. एकाच लोडला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला की समजायचं कुठेतरी तूस अडकलंय.

एक गोष्ट मात्र मनापासून, हात जोडून सांगते. बाळाला मालिश करणाऱ्या बाईंचे तेलाचे टॉवेल, खोबरेल मुरलेले उशीचे अभ्रे, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी ड्रायरमध्ये टाकू नका. धुतलं तरी तेल धाग्यात राहतं, गरम होऊन ढिगात पडलं की आतल्या आत तापत जातं आणि पेट घेऊ शकतं, मशीन बंद झाल्यावरसुद्धा. म्हणूनच शेवटची काही मिनिटं ड्रायर गरम न करता कपडे नुसते फिरवतो, तो वेळ मध्येच तोडायचा नाही, आणि तोडावा लागलाच तर कपडे लगेच बाहेर काढून पसरायचे. आमच्याकडे मालिशचे टॉवेल वेगळ्या बादलीत असतात आणि ते दोरीवरच वाळतात, कितीही पाऊस असो. रबर लावलेली पायपुसणी, फोमच्या वस्तू, रेनकोट, हेही नाही.

बाकी कपड्यांचं म्हणाल तर लंगोट, दुपटी, टॉवेल, चादरी यांना तोड नाही, टॉवेल इतके मऊ होतात की सासूबाई, ज्यांना ही मशीन घरात नकोच होती, आता स्वतःचा टॉवेल आधी टाकतात. मोठी चादर छोट्या कपड्यांबरोबर टाकू नका, तिचा गोळा होतो आणि मोजे आत ओले राहतात. जाड आणि पातळ कपडे वेगळे टाका. जीन्स उलटी करून, चेन लावून. लुगडी आम्ही टाकत नाही, पीळ पडतो, खळीच्या साड्या तर नाहीच. नोव्हेंबरपासून ऊन आहे तर बरेचसे कपडे परत ग्रिलमधल्या दोरीवर गेले, फक्त टॉवेल आणि बाळाचे कपडे मशीनमध्ये, कारण समोर दोन टॉवरचं काम चालू आहे आणि दोरीवरचं सगळं सिमेंटच्या धुळीने खरखरीत होतं.

त्रास एकच झाला, ऑगस्टमध्ये टाकी रिकामी असताना टाकी भरल्याचा लाइट यायला लागला. आत पाण्यावर तरंगणारा छोटा फ्लोट असतो, त्यात तूस अडकलं होतं. सर्व्हिसवाल्याने पाच मिनिटांत काढलं, पण तो यायला आठवडा गेला, ऐन पावसात. त्यानंतर आम्ही टाकी सोडून ड्रेन पाइप थेट मोरीत सोडला. टाकीचं पाणी आधी फरशी पुसायला घ्यायचो, प्यायला किंवा बाळासाठी अर्थातच नाही.

घेताना तीन गोष्टी लेखी मागा: वॉशिंग मशीनवर चढवायचा स्टँड तुमच्या मॉडेलला बसतो का, तुमच्या पिनकोडला माणूस किती दिवसांत येतो, आणि कंप्रेसरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीत गॅस आणि मजुरी धरलेली आहे की फक्त कंप्रेसर. आमच्या कार्डावर फक्त कंप्रेसर आहे.