भाड्याच्या फ्लॅटमधला २५ लिटरचा गीझर: जुलै ते मे वापरून झालेलं मत

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे, गेल्या जुलैत आम्ही टू बीएचके भाड्याने घेतला. गीझर घरमालकांचाच. २५ लिटरचा, २ किलोवॅटचा स्टोरेज गीझर, कॉमन बाथरूमच्या वर माळ्यात बसवलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिलंय त्यात कंपनीचा दोष जवळपास नाहीच.

नुसता गीझर म्हणून विचाराल तर उत्तम. अर्ध्या तासात पाणी कडक तापतं, एका दमात तिघांच्या आंघोळी होतात, वरच्या मजल्यावर प्रेशरचा त्रास नाही. पण सप्टेंबरात १९० युनिटचं असलेलं बिल डिसेंबरात ३४० आणि जानेवारीत ३५८ युनिटवर गेलं. तेही एसी बंद, पंखे नावाला, अशा दिवसांत. ठाण्यात हीटर लावून खोली तापवायची वेळ काही येत नाही, त्यामुळे संशय एकट्या गीझरवर होता.

थंडीत आईला हात-पाय धुवायला कधीही गरम पाणी लागतं, सांधे धरतात. म्हणून डिसेंबरपासून गीझर सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच असायचा. तरी हिशोब जुळेना. एका युनिटमध्ये साधारण ८६० किलोकॅलरी उष्णता. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४० वर न्यायला ३६० लागतात, म्हणजे अर्ध्या युनिटहून कमी. तीन माणसं, रोज बादलीनेच आंघोळ, महिन्याचे चाळीस युनिटसुद्धा होत नाहीत. गरम पाणी टाकीत नुसतं उभं राहिलं की थंड होत जातं आणि ते पुन्हा तापतं. गीझरच्या स्टार रेटिंगमध्ये हीच गळती मोजलेली असते. जुना गीझर आहे म्हणून त्याचे महिना तीसेक युनिट धरले, तरी सप्टेंबरपेक्षा वाढलेल्या युनिटांपैकी नव्वदएक उरत होते.

सोसायटीत सल्ले भरपूर मिळाले. ‘मीटर फास्ट आहे’ हा पहिला. आमचे मीटर खाली पार्किंगजवळच्या मीटर रूममध्ये आहेत. मीटरवर युनिटमागे ३२०० पल्स असं छापलेलं होतं, म्हणजे एका युनिटला लाल दिवा तितक्यांदा लुकलुकतो. एका रविवारी वरचं बाकी सगळं बंद करून फक्त गीझर चालू ठेवला, फोनवर बायको आणि मी खाली लाल दिव्यासमोर. २ किलोवॅटला मिनिटाला १०७ च्या आसपास लुकलुक व्हायला हवी, तेवढीच होत होती. मीटर बरोबर होता. पाणी तापलं, गीझर कट झाला, दिवा थांबला. वर फ्रिज, लाइट परत लावले. दिवा सावकाश मिचमिचायला लागला. निघणार इतक्यात तो एकदम पळायला लागला. मी विचारलं, बाथरूममध्ये कोण आहे? ती म्हणाली, ‘कुणी नाही, मावशी भांडी घासतायत.’

किचनचा नळ सिंगल लिव्हरचा, गरम-गार एकत्र. लिव्हर सरळ मध्ये ठेवला की निम्मं पाणी गीझरमधून येतं. घरमालकांनी फ्लॅट नव्याने करताना एकाच गीझरची लाइन दोन्ही बाथरूम आणि किचनला फिरवली होती, ते आम्हाला सांगितलंही नव्हतं. माळ्यापासून सिंकपर्यंत पाइप लांब, त्यामुळे नळाखाली हात धरला तर पाणी बराच वेळ गारच लागतं, मग कोमट होतं, आणि तोवर गीझरमधलं पाणी पाइपात येऊन बसलेलं असतं. मावशींना बिचाऱ्यांना कसं कळणार? दोन वेळची भांडी, वर भाजी-तांदूळ धुणं, असे रोजचे तीन-एक युनिट सिंकमधून वाहत होते.

उपाय फुकटचा निघाला. सिंकखालच्या कपाटात दोन अँगल कॉक होते, त्यातला गरम लाइनचा फिरवून बंद केला. शिवाय दुपारी आई झोपते तेवढा वेळ गीझर बंद. पुढचं पूर्ण महिन्याचं बिल २५५ युनिटचं आलं.

पैशात हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. महावितरणचे घरगुती स्लॅब ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे असे आहेत. पहिल्यातून दुसऱ्यात गेलं की दर साधारण दुप्पट होतो, तिसऱ्यात आणखी चढतो. शिवाय वीज घरापर्यंत पोचवण्याचा युनिटमागचा वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. फ्रिज, पंखे, दिवे यांचे युनिट बाराही महिने ठरलेले असतात, हिवाळ्यात गीझरचे त्यांच्या डोक्यावर येऊन बसतात. म्हणून ते वरच्या स्लॅबच्या महागड्या दराने लागतात. आमचे शंभरेक युनिट कमी झाले, तर महिन्याला दीड हजाराच्या आसपास वाचले.

बाकीच्या सल्ल्यांबद्दल. सतत बंद-चालू केला तर गीझर जास्त वीज खातो, हे खरं नाही. बंद गीझरमधलं पाणी जितकं थंड, तितकी त्यातून उष्णता कमी जाते. डिस्केलिंगने, म्हणजे कॉइलवरचा क्षारांचा थर काढल्याने, बिल उतरतं असं सर्व्हिसवाल्याने सांगितलं होतं. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, कॉइलवर पापडीसारखा पांढरा थर निघाला. पाणी तापतानाची तडतड गेली, बिल मात्र हललं नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, उष्णता शेवटी पाण्यातच जाणार. फायदा एवढाच की कॉइल लवकर जळत नाही. सर्व्हिसिंग करावं, पण त्यासाठी. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापल्यावर गीझर कट व्हायचा ते ठरवणारं बटण, ६० अंशांवर ठेवलाय. त्याखाली नेला नाही, कारण साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

गॅस गीझरचाही विचार करून झाला. पाइपचा गॅस आहे, पण बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या अरुंद पोकळीत उघडते. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात, तो विषय तिथेच संपला. इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा, त्याला वायरिंग तपासून घ्यावं लागेल. भाड्याच्या घरात तो खर्च कोण करणार?

घरमालकांना किचनची लाइन वेगळी करा म्हटलं, तर ‘आधीच्या भाडेकरूंनी कधी तक्रार केली नाही’ एवढंच उत्तर. मेमध्ये महावितरणकडे भरायच्या अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं, वापर वाढला की ते वाढतं. ते घरमालकांनी आम्हालाच फॉरवर्ड केलं होतं. मीटर त्यांच्या नावावर, ठेव त्यांच्याच खात्यात जमा राहते, आम्ही घर सोडलं तरी आम्हाला परत मिळणार नाही. हे लेखी कळवल्यावर मात्र त्यांनी ती रक्कम जूनच्या भाड्यातून वळती करायला होकार दिला.