मालिका की सिनेमा: दोन्ही फोन एकाच आठवड्यात आले तर

वर्षभरात हा प्रश्न मला चार-पाच मुलींनी विचारलाय. सगळ्या एकांकिका स्पर्धांतून आलेल्या, विशी नुकतीच ओलांडलेल्या. एकीकडे रोजच्या मराठी मालिकेत मुख्य भूमिका, दुसरीकडे सिनेमा, आणि दोघांनाही उत्तर सोमवारपर्यंत हवं असतं. ऑडिशन, लुक टेस्ट, मॉक शूट हे त्यांना पाठ असतं, त्यामुळे ते सोडून देते. मी आधी सिनेमा केला, मग साडेतीन वर्षं मालिका, आणि आता दोन्हीकडे थोडं थोडं. माझा अनुभव म्हणजे नियम नव्हे. पण विचारलंत, तर माझं पारडं कुठे झुकतं ते लपवणार नाही.

पैशाचं आधी उरकून टाकू. मालिकेत पर डे ठरतो आणि महिन्यातले किती दिवस धरलेत त्यावर हिशोब होतो. आकडा बरा वाटतो, पण क्रेडिट नव्वद दिवसांचं. म्हणजे जूनमध्ये राबायचं आणि पैसे गणपतीनंतर मोजायचे, तेही दहा टक्के टीडीएस आणि काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचा वाटा वजा जाऊन. गोरेगाव-कांदिवलीकडे खोली घेणार असाल तर पहिल्या चार महिन्यांचं भाडं गाठीशी ठेवूनच या. सिनेमात हप्ते असतात: साइनिंगला एक, शूटच्या दरम्यान एक, डबिंगच्या आधी एक. शेवटचा हप्ता आणि डबिंग यांच्यात एक जुनी रस्सीखेच चालते. निर्माता म्हणतो डबिंग कर, मग देतो. जाणती नटी म्हणते, द्या, मग माइकसमोर उभी राहते. नवीन मुलगी संकोचाने आधी डबिंग करून टाकते. मीही केलं होतं. पुढचं सांगायला नको.

आता कामाचं. इथे सिनेमाची बाजू घ्यावीच लागते.

आमच्या सिनेमाचं शूट वाईजवळ होतं, २६ दिवसांचं. त्याआधी दहा दिवस रीडिंग. ही मुलगी शेवटच्या प्रसंगात कुठे पोचणार हे मला पहिल्या दिवशी ठाऊक होतं, आणि त्या एका गोष्टीने पहिल्या प्रसंगातलं माझं बसणंसुद्धा बदललं. एक साधा शॉट होता. मी बाहेरून येते, चपला काढते, दार लोटते. अकरा टेक झाले. प्रत्येक वेळी दिग्दर्शक एवढंच विचारायचे, "येताना वाटेत कोण भेटलं?" आठव्या टेकला मला रडू फुटायचं बाकी होतं. अकराव्याला मी चपला काढताना नकळत भिंतीला हात टेकला आणि ते म्हणाले, "हां, आता तू चालत आलीस." असा दिवस मालिकेत मला मिळाला नाही. मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मालिकेत सकाळी नऊची शिफ्ट म्हणजे साडेसातला मेकअपच्या खुर्चीत. केस विंचरले जात असताना हातात कागद येतात, कधीकधी प्रिंटरमधून निघालेले, अजून गरम. पाच पानांचा सीन, त्यात सासू, दीर, शेजारीण, आणि तुम्हाला दीड पानाचं स्वगत. महिन्याला साधारण २६ भाग द्यायचे, प्रत्येक भाग २०-२२ मिनिटांचा. बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपली असेल तर आज शूट केलेलं परवा टेलिकास्टला जातं. भिंतीला हात टेकायला वेळ कुणाला आहे? सीन संपला की "लुक धरून ठेव" असं ओरडतात आणि तुम्ही काहीतरी भयंकर कळल्यासारखा चेहरा करून पाच सेकंद थिजता. संकट कसलं, ते पुढच्या आठवड्यात लेखकाला सुचेल.

तरीही एक सांगते. दोन पानं दहा मिनिटांत पाठ करणं, लेन्स कुठली लागलीय हे ऐकून चेहरा किती हलवायचा ते ठरवणं, समोरच्याच्या खांद्याआडून आपला लाइट शोधणं, ग्लिसरीनशिवाय चौथ्यांदा रडणं, हे मी मालिकेत शिकले. सिनेमाच्या २६ दिवसांत मी कॅमेऱ्याला घाबरायचं थांबले नव्हते. मालिकेच्या तिसऱ्या महिन्यात तो मला सेटवरच्या सोफ्यासारखा वाटू लागला. याचं दुसरं टोकही आहे. वर्ष-दीड वर्षानंतर हात यंत्रासारखे चालायला लागतात, दुःखाची एक ठरलेली मान तयार होते, आणि ती मान सिनेमात लगेच पकडली जाते. मला ती मोडायला एक प्रायोगिक नाटक करावं लागलं.

ओळखीचं म्हणाल तर तुलना नाही. मालिकेतल्या बाईला एसटी स्टँडवर बायका दंडाला धरून भूमिकेच्या नावाने हाक मारतात आणि "एवढं सहन करू नकोस गं" असं खरोखर रागावतात. सिनेमाची ओळख शुक्रवारी जन्मते आणि बहुतेक वेळा पुढच्या शुक्रवारी मरते. आमच्या सिनेमाला पहिल्या आठवड्यात जवळच्या मल्टिप्लेक्समध्ये दोन खेळ होते. दुसऱ्या आठवड्यात सकाळचा एकच उरला, आणि त्याला मी, आई, मावशी आणि एसीसाठी आलेले दोन कॉलेजवीर. 'सैराट'चं उदाहरण प्रत्येक मुलगी देते. २०१६ साली अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू एका सिनेमाने घराघरांत पोचली, राष्ट्रीय पुरस्कारांत तिची विशेष दखलही घेतली गेली, हे खरंच आहे. पण तसं वर्ष मराठीत किती वेळा येतं, तेही मोजा.

उलट मालिका केली की सिनेमाचं दार बंद होतं, ही भीती मला आता जुनी वाटते. सई ताम्हणकरने सुरुवातीला मालिकाच केल्या. मृणाल ठाकूर 'कुमकुम भाग्य'मध्ये होती, २०१६ मध्ये बाहेर पडली, मग 'लव्ह सोनिया' आणि 'सुपर ३०'. सायली संजीवला लोक 'काहे दिया परदेस'मधली गौरी म्हणून ओळखू लागले ते २०१६ मध्ये, पुढे तिच्या 'गोष्ट एका पैठणीची'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता त्या सिनेमाच्या तारखा पाहा. पुरस्कार २०२० च्या चित्रपटांसाठीचे, जाहीर झाले जुलै २०२२ मध्ये, आणि सिनेमा थिएटरात लागला डिसेंबर २०२२ मध्ये. मधे कोरोना होता, मान्य. पण राष्ट्रीय पुरस्काराच्या तोडीच्या सिनेमालाही थांबावं लागतं, तर तुमच्या-आमच्याला किती?

थांबण्यावरून आठवलं. मार्च २०२० मध्ये सगळंच बंद पडलं, पण जुलैत मालिकांचे नवे भाग दिसू लागले. महाराष्ट्रातली थिएटरं नोव्हेंबरमध्ये अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली ती थेट २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. त्या एप्रिलमध्ये राज्यात शूटिंग थांबलं, तेव्हा कित्येक मालिका बिऱ्हाड उचलून गोव्याला गेल्या. चॅनेलला संध्याकाळी काहीतरी दाखवायचंच असतं, त्यामुळे काम कुठून तरी उगवतं. सिनेमाची तशी कुणालाच घाई नसते.

आणि आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला, ती. ऐकायला क्षुल्लक वाटेल.

केस.

सिनेमात माझी भूमिका कमरेपर्यंत केस असलेल्या मुलीची होती आणि केस माझे स्वतःचे. २६ व्या दिवशी पॅकअप झालं, केक कापला, तेव्हा सहायक दिग्दर्शक जवळ येऊन म्हणाला, "ताई, थोडं पॅचवर्क बाकी आहे. पावसातला एक सीन आणि गाण्याचा एक अंतरा. केस तेवढे कापू नका हं." मी हसून हो म्हटलं. पुढच्या महिन्यात होतंय, असं वाटलं होतं.

पहिला महिना पावसाची वाट पाहण्यात गेला. पाऊस आला तेव्हा पैसे नव्हते. पैसे आले तेव्हा कॅमेरामन दुसऱ्या सिनेमावर होता. दिवाळी झाली. दर तीन-चार आठवड्यांनी निर्मितीकडून फोन यायचा आणि शेवटचं वाक्य तेच: "केस आहेत ना?" तब्येत नाही विचारली कधी. मधल्या काळात एका मालिकेत पोलिस अधिकाऱ्याची भूमिका आली, मानेपर्यंत केस हवे होते. मी सिनेमावाल्यांना विचारलं, पॅचवर्कला विग चालेल का? क्लोजअपमध्ये कपाळाची रेघ दिसते, म्हणाले. ती भूमिका गेली. मग एक नाटक गेलं, कारण पॅचवर्कच्या तारखा "कधीही लागतील" आणि मला नाटकवाल्यांना शब्द देता येईना. कमरेपर्यंतचे केस मुंबईच्या उकाड्यात रोज धुवायचे, वाळवायचे, लोकलमध्ये सांभाळायचे, आणि नातेवाईक विचारणार, "सध्या काय चालूय?" चालू काहीच नव्हतं. केस वाढत होते.

चौदा महिने. त्यानंतर मीच फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "अरे, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? ते झालं की मागेच. पाठमोरं घेतलं, एक मुलगी होती लांब केसांची."

मी रागावलेसुद्धा नाही. त्याच संध्याकाळी पार्लरमध्ये गेले आणि खांद्यापर्यंत कापून आले. जमिनीवर पडलेल्या त्या ढिगाकडे बघून पार्लरवाली हळहळली. मी मात्र मान दोनदा हलवून बघितली, किती हलकी झाली ते.

म्हणाल, मालिकेत काय केस कापू देतात? करारात तिथेही लिहिलेलं असतं, चॅनेलच्या परवानगीशिवाय लुक बदलायचा नाही. पण दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला, मूठमूठ केस गळायला लागले. मी घाबरत क्रिएटिव्हला, म्हणजे गोष्ट कुठे न्यायची ते ठरवणाऱ्या टीमला, फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशीच्या कागदांत जाऊबाईने देवघरात मुद्दाम पणती सरकवली होती आणि माझ्या शेपट्याने पेट घेतला होता! अचाट प्रकार. चार भाग त्यावर निघाले, सासूचं मन पालटलं, आणि मी लहान केसांनी पुढची दोन वर्षं काढली. हसायला येतं, पण त्या अचाटपणात माझी सोय बघितली गेली, कारण उद्या सकाळी नऊला मी त्यांना हवी होते. दोन्हीकडे करार माझ्याच विरुद्ध लिहिलेला. फरक इतकाच, की एकीकडे त्यांना माझी रोज गरज होती आणि दुसरीकडे एकदाच, तीही होऊन गेलेली.

मालिकेचे काटेही सांगायला हवेत. टीआरपी गुरुवारी येतो आणि सेटवरचा शुक्रवार त्यावर ठरतो. आकडा पडला की तुमचे सीन मालिकेतल्या बहिणीकडे जातात. लीप आला, म्हणजे गोष्टीने एकदम काही वर्षं पुढे उडी घेतली, तर तेविसाव्या वर्षी तुम्ही सात वर्षांच्या मुलाची आई होता, आणि मग बाहेरही तशाच भूमिका विचारल्या जातात. मालिका बंद होतेय हे मला शेवटच्या शूटच्या नऊ दिवस आधी कळलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी अक्षतांना पोचले आणि जेवणाआधी निघाले, कारण घोडबंदर रोडवर अडकले असते तर रात्रीचा सीन गेला असता. पाठ दुखायला लागते, झोप, पाळी, सगळ्याचं वेळापत्रक बिघडतं. सहा महिने असं जगणं सोपं असतं, तीन वर्षं नाही. ज्यांना घरचं कुणी आजारी आहे किंवा शिक्षण अर्धं आहे, त्यांनी मालिकेचा करार दोनदा वाचावा.

तरीसुद्धा, पहिली दोन-तीन वर्षं असतील आणि मागे घरचा पैसा नसेल, तर मी मालिकेकडे बोट दाखवेन. अपवाद एकच. सिनेमाचा दिग्दर्शक असा असेल की त्याच्या सेटवर तुम्ही नुसत्या उभं राहायलाही गेला असतात, तर मालिका सोडा आणि जा. तो अकरावा टेक मला आजही पुरतो. फक्त करारात पॅचवर्कची शेवटची तारीख लिहून घ्या आणि त्या तारखेनंतर केस माझे, असंही. मालिका घेत असाल तर महिन्याचे सुट्टीचे दिवस आणि परीक्षा-लग्नाच्या तारखा सहीआधी लिहून घ्या. तोंडी कबूल केलेली सुट्टी बँक संपली की कुणाला आठवत नाही.

गेल्या महिन्यात एका सिनेमाची लुक टेस्ट दिली. गोष्ट आवडली, भूमिका त्याहून जास्त. दिग्दर्शकाने माझ्या खांद्यापर्यंतच्या केसांकडे बघत विचारलं, "थोडे वाढवाल का?"

म्हटलं, "वाढवीन की. कुठल्या तारखेपर्यंत?"

अजून उत्तर आलेलं नाही.