कंबरदुखी: टेन्सचं यंत्र घ्यावं की सुयांमधून करंट?

टेन्स (त्वचेवर चिकट पॅड लावून सौम्य करंट देणारं यंत्र, त्याने मुंग्या येतात) आणि इलेक्ट्रो-अॅक्युपंक्चर (टोचलेल्या सुयांमधून करंट), दोन्ही माझ्या कंबरेवर करून झालंय. यांनी दुखणं मुळातून जात नाही. ते दबतं, आणि तेवढ्यात व्यायाम उरकून घ्यायचा.

वेदनेचे अभ्यासक मेलझॅक आणि वॉल यांच्या १९६५ च्या सिद्धान्तानुसार मुंग्यांची संवेदना मज्जारज्जूतच दुखण्याची वाट अडवते. टेन्सचा भर त्यावर. मला यंत्र चालू असेपर्यंत बरं वाटायचं, बंद केलं की ठणका परत. बीजिंगचे संशोधक हान जिशेंग यांना सुयांमधून करंट देताना २ हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला दोन झटके) एन्केफॅलिन आणि १०० हर्ट्झवर डायनॉर्फिन ही शरीराचीच वेदनाशामकं सुटताना दिसली. अर्थात फ्रिक्वेन्सी पॅडमधूनही बदलता येते, ती काही सुयांची मक्तेदारी नाही.

माझं घोडं अडलं ते पॅडवरच. पाठीमागे हात नेऊन चाचपडत लावले की एक वर, एक खाली. उकाड्यात घामाने जेल बुळबुळीत होतं, खुर्चीला टेकलं की कड सुटते, आणि सगळा करंट चिकटून राहिलेल्या कोपऱ्यातून जायला लागतो. तिथे मुंग्या नाहीत, चक्क डंख. मग हात आपोआप नॉबकडे जातो, आणि कमी केलेल्या करंटचा दुखण्यावर काही परिणाम जाणवत नाही. दर वेळी हेच.

सुयांना त्वचेचा हा अडथळा नसतो. पालथं पडायचं, जोडीजोडीने क्लिपा लागतात आणि कमी फ्रिक्वेन्सीवर स्नायू आतूनच टकटक उडायला लागतो. त्या रात्री कुशीवर वळताना कळ येत नाही. श्रेय करंटचं की निवांत पडण्याचं, हे छातीठोकपणे सांगणार नाही. उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी दोन्ही नको म्हटलं होतं. २०२१ मध्ये स्पष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी मात्र अॅक्युपंक्चरचा विचार करा, टेन्स नको, असं सुचवलं.

सुयांना खर्च जास्त, फेऱ्याही माराव्या लागतात. मध्यरात्री कळ आली तर हाताशी टेन्सच असतं. दुखणं गुडघ्यात असेल, किंवा पॅड लावून द्यायला घरात कुणी असेल, तर आधी टेन्स घ्या. कंबरच असेल आणि एकटे राहत असाल, तर मी सुयांकडे झुकेन.

पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुया टोचण्याआधी सांगा. उपचार करणाऱ्याची नोंदणी बघा, आणि एकदाच वापरायच्या सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा.