वाटी की चटई? कुत्र्याला ‘थांब’ शिकवताना
मावसबहिणीचा शेरू जेवणाची वाटी खाली टेकायच्या आत तिच्यावर झेप घेतो. तिला दोघांनी दोन उपाय सांगितले: वाटी वर उचल, किंवा त्याला चटईवर बसव.

वाटीला खर्च शून्य, वेगळा वेळही नको. त्याला बसवून वाटी खाली न्यायची, तो उठला की वर. ओरडायचं नाही. बूड जमिनीवर टेकलेलं राहिलं की वाटी खाली आणि लगेच सुटकेचा शब्द, म्हणजे ‘आता उठायला हरकत नाही’ असं सांगणारा ठरलेला शब्द. बऱ्याच कुत्र्यांना हे दोनतीन दिवसांत उमगतं. पण ते वाटीपुरतंच. दाराची बेल वाजली की पहिले पाढे पंचावन्न.

चटईला चिकाटी लागते. तो पडून असतानाच पंजांमध्ये चण्याएवढा खाऊ ठेवत राहायचं. आधी दर दोन सेकंदांनी, मग दहा, मग तुम्ही दारापर्यंत जाऊन परत. तुम्ही जास्त लांब जायला लागलात की दोन खाऊंमधला वेळ कमी करायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं. हा खाऊ जेवणातून वजा करा, नाहीतर कुत्रा गोल होतो.

सुटकेचा शब्द ‘चल’ नको, तो घरात दिवसातून पन्नासदा कानावर पडतो. आमच्याकडे ‘मोकळा’ आहे.

फक्त जेवणाची झोंबाझोंबी थांबवायची असेल तर वाटी पुरे. घरात पाहुण्यांची ये-जा, रांगतं मूल असेल तर चटईच.