डबा एफपी4चा, आत एक्स-रेची फिल्म

चार बाय पाच इंचांची शीट फिल्म (मोठ्या कॅमेऱ्यात एकेक सुटी घालायची फिल्म) सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. माझे 14,000 रुपये गेले, आणि तीन महिने मी स्वतःच्याच हाताला दोष देत बसलो.

माझ्याकडे फिल्म धुण्याचं जोबोचं जुनं सीपीपी-2 मशीन आहे. पाण्याच्या टबात ड्रम आडवा फिरत राहतो आणि एका वेळी दहा शीट धुऊन होतात. एप्रिलमध्ये एक जाहिरात दिसली: इलफोर्ड कंपनीची एफपी4 प्लस ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, 25 शीटचे चार डबे, मुदत संपून दोन वर्षं झालेली, पण माल कायम फ्रीजमध्ये. डब्याला 3,500. विकणारा फोनवर अदबीने बोलला. काका फोटोग्राफर होते, ते गेले, आता घर आवरतोय म्हणाला. थंडाव्यात ठेवलेली अशी फिल्म मुदतीनंतरही चांगली चालते, म्हणून मी यूपीआयने पैसे पाठवून दिले. डबे आले ते अस्सल होते, कडेने चिकटपट्टी लावलेली.

पहिला डबा अंधारात उघडला. शीट फिल्मच्या एका कोपऱ्यात खाचा असतात. शीट उभी धरायची, खाचा वर उजवीकडे आल्या की इमल्शन, म्हणजे चित्र उमटतो तो थर, आपल्या बाजूला. मी चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, खाच लागेना. दुसरी शीट, तिसरी शीट, तेच. दोन्ही बाजू हाताला सारख्याच लागत होत्या. शीट ज्यात घालून कॅमेऱ्याला लावतात त्या होल्डरमध्येही ती अडकत होती.

डबा बंद करून बाहेर आलो आणि फोन लावला. तो म्हणाला, "सर, काकांनी आठ बाय दहाच्या शीट कापून घेतल्या होत्या. खाचा एकाच कोपऱ्याला असतात ना, कापल्यावर त्या गेल्या." मला पटलं. आता कळतं की तिथेच पकडायला हवं होतं. एका शीटचे चार तुकडे केले तर चारांतल्या एकावर तरी खाचा राहायला हव्यात. अख्ख्या डब्यात एकही नव्हती. आणि आधी तर त्याने कापल्याचं काही सांगितलंच नव्हतं.

मे महिन्यात मावशीला 75 पूर्ण झाली. लाल इरकल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, खिडकीतला उजेड. दहा शीट काढल्या. उन्हाळ्यात आमच्या नळाला कोमट पाणी येतं, म्हणून टबात बर्फाच्या बाटल्या सोडून पारा 20 अंशांवर आणला. डी-76 डेव्हलपर पाण्यात एकास एक, 11 मिनिटं. पायाच्या पंपाने हवा भरून ड्रमचं झाकण उघडलं आणि शीट बाहेर काढल्या, तर पाठीमागच्या बाजूला दुधी डाग आणि लांबच लांब ओरखडे. ट्रेमध्ये पुन्हा फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) घातल्यावर डाग गेले, ओरखडे राहिले. प्रिंट केली तर इरकल काळं, ओठ काळे, गालावरचा प्रत्येक वांग उठून आलेला, आणि कुंकू कोळशासारखं काळं. मावशीने प्रिंट हातात घेतली, बघितली आणि काही न बोलता पालथी ठेवली.

मी पुन्हा त्यालाच फोन केला. "रोटरीत, फिरत्या ड्रममध्ये, असंच होतं सर, ड्रमला घासते फिल्म. ट्रेमध्ये धुवा." मी ड्रम घासून धुतला, फिक्सर नवा केला, थर्मामीटर बदलला. ड्रम सतत फिरतो म्हणून वेळ पंधरा टक्के कमी केली. तरी पुढच्या दहाही तशाच. घरी फिल्म धुताना आपलं चुकायला इतक्या जागा असतात की माल खोटा असेल हे शेवटपर्यंत मनात येत नाही. या माणसाला ते नेमकं ठाऊक होतं आणि प्रत्येक फोनवर त्याने मला माझीच एक नवी चूक काढून दिली.

ऑगस्टमध्ये आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे शोधून खिडकीला धरला होता. शेजारी माझ्या निगेटिव्ह वाळत होत्या. दोन्हींचा निळसर रंग अगदी एक. एफपी4 चा बेस, म्हणजे थराखालचं प्लास्टिक, असा निळा नसतो.

मग सगळा उलगडा झाला. एक्स-रे फिल्मला बहुतेक दोन्ही बाजूंनी इमल्शन असतं. ड्रममध्ये शीटची पाठ भिंतीला टेकलेली, तिथे फिक्सर नीट पोचत नाही, म्हणून दुधी डाग. ते इमल्शन मऊही असतं, म्हणून ओरखडे. आणि या फिल्मला लाल रंग दिसतच नाही, म्हणून कुंकू काळं. एक्स-रे फिल्म स्वस्त पडते म्हणून जाणूनबुजून वापरणारे चांगले फोटोग्राफर आहेत, त्यात गैर काही नाही. पण ती एफपी4 च्या डब्यात भरून एफपी4 च्या भावाने विकणं ही चोरी आहे. रिकामे डबे तर आपण सगळेच निगेटिव्ह ठेवायला जपून ठेवतो, त्यामुळे डबा अस्सल असण्याला काही अर्थ नाही.

घेण्याआधी अंधारात खाचा तपासा, आणि त्या एफपी4 च्याच आहेत का हे कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. शंका आली तर एक शीट डार्करूममधल्या लाल दिव्याखाली, सेफलाइटखाली, ठेवा, वर नाणं ठेवा, दोन मिनिटांनी नाणं काढून डेव्हलप करा. एफपी4 असेल तर नाण्याचा गोल सोडून सगळी शीट काळी होईल. माझी शीट कोरी निघाली.

मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. चॅट, यूपीआयची पावती, डब्यांचे फोटो जपून ठेवलेत. त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय. परवा त्याच भाषेतली जाहिरात पुन्हा दिसली, या वेळी पाच बाय सातच्या डब्यांची: काकांचा माल, कायम फ्रीजमध्ये, कापलेल्या असल्याने खाचा नाहीत.